पत्र्याच्या गोदामातला फुटबॉल

कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि फुटबॉल हा खेळ मी तोवर एकदाही पाहिलेला नव्हता. कर्जतजवळच्या आमच्या गावात मुलगे हुतूतू खेळत, नदीत पोहत. चेंडू असायचा तो चिंध्यांचा, लगोरीपुरता. पुढे चौदा पावसाळे माझ्या संध्याकाळी या खेळात जातील असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याचा ताप बघितला असता.

रसायनीत तेव्हा पाताळगंगेच्या काठाने एकेक कारखाना उभा राहत होता. आमच्या कारखान्याचा दवाखाना म्हणजे दोन खाटा, एक काचेचं कपाट आणि आठवड्यातून तीन दिवस पनवेलहून येणारे डॉक्टर. बाकीचे दिवस मी एकटीच. बाजारात एका घराच्या मागची खोली मी भाड्याने घेतली होती. रविवारी सकाळी एसटीने गावी जायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचं. वडील मी शिकत असतानाच गेले होते. घरी आई आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठा दादा. शेती तोच बघायचा आणि घरातला शब्दही त्याचाच.

पहिल्याच जुलैत एके दिवशी तीन कामगार माझ्याकडे आले. तिघांचीही कोपरं सोललेली, एकाचा गुडघाही. तिघांनीही सायकलवरून पडलो असं सांगितलं. मी जखमा धुतल्या, आयोडीन लावलं, पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले, जखमा तशाच, कारणही तेच. त्यातल्या एकाकडे सायकलच नव्हती. तो माझ्या खोलीवरूनच रोज चालत कामावर जायचा. पॅकिंग खात्यातला, बाजारातल्या पाव-बिस्किटांच्या दुकानदाराचा मुलगा. मी त्याला म्हटलं, आधी सायकल घे, मग पड. तो हसला आणि म्हणाला, पाच वाजता मागच्या गोदामात या, म्हणजे कळेल.

ते गोदाम कच्च्या मालाचं होतं. पावसाळ्यात तो माल ओल धरायचा, म्हणून मे संपता संपता ते रिकामं करत आणि दिवाळीपर्यंत ते तसंच पडून राही. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा, खाली सिमेंटची जमीन आणि मधोमध लोखंडी खांबांच्या दोन ओळी. त्या जागेत दहा माणसं एका चेंडूमागे धावत होती. चेंडू पत्र्यावर आपटला की असा आवाज व्हायचा की बाहेरचा पाऊस ऐकू येईनासा व्हायचा. आणि आपटून परत आला तरी खेळ थांबायचा नाही. भिंतीवरून आलेला चेंडू कुणीही घ्यावा.

हा उद्योग आमच्या वेल्फेअर साहेबांचा होता. पन्नाशीकडे झुकलेले, जाड चष्म्याचे, मुंबईचे गृहस्थ. तरुणपणी ते गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळले होते. इथे आल्यावर त्यांनी पाहिलं, की जून ते सप्टेंबर बाहेरचं मैदान म्हणजे भाताचं खाचरच. पोरं कामावरून सुटली की पत्ते कुटत बसतात. म्हणून त्यांनी वरून परवानगी काढली आणि गोदामात पाच-पाच जणांचा खेळ सुरू केला. नियम त्यांना जसे सुचत गेले तसे होत गेले. चेंडू पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांत अडकला की ज्याने मारला त्यानेच बांबूने काढायचा, आणि तोवर समोरच्यांना एक फुकट फटका. खांबाला लागून गोल झाला तर तो धरायचा की नाही, यावर ते आठवडाभर भांडत होते.

मी त्यांना सांगितलं की हा खेळ चालायचा असेल तर माझ्या दोन अटी आहेत. प्रत्येकाने कोपराला आणि गुडघ्याला जाड कापड बांधायचं, आणि प्रत्येक खांबाला माणसाच्या उंचीएवढी पेंढा भरलेली गोणपाटं बांधायची. नाहीतर मी डॉक्टरांना सगळं सांगेन. साहेबांनी दोन्ही अटी लगेच मान्य केल्या आणि स्वतःची एक घातली. माझ्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, नाडी मोजायला घेतलेलं. तसं घड्याळ तिथे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पुढच्या वर्षापासून बाहेरचे संघ यायचे होते, तेव्हा वेळ नेमकी मोजायला हवी होती. तुम्ही बाकावर बसून वेळ राखाल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खांबांच्या गोण्या सामन्याआधी तपासायचं कामही मी माझ्याकडेच घेतलं.

दुसऱ्या पावसाळ्यात खरोखरची लीग सुरू झाली. भिवपुरीच्या वीजघरातले फिटर आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी कर्जत-चौकवरून ट्रकने यायचे. कर्जतची रेल्वेवाली मंडळी यायची. हमरस्त्यावरच्या कुंभिवलीहून गॅरेजांतले मेकॅनिक टेंपोत बसून, हाताचं ग्रीस न धुताच यायचे. आणि चौथे आम्ही. मंगळवारी आणि शनिवारी साडेपाचला सामना, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. पत्र्याच्या त्या गोंगाटात शिट्टी कुणाला ऐकू जायची नाही, म्हणून रेल्वेवाल्यांनी रुळाचा एक तुकडा आणून दाराशी टांगला. वेळ संपली की मी त्यावर हातोडी हाणायची.

गोदामात शंभर-दीडशे बाप्ये आणि एक बाई. बोलणी सुरू व्हायला महिनाही लागला नाही. बाजारात मी भाजी घ्यायला गेले की दोन बायका आपसात हळू बोलायच्या. माझ्या घरमालकिणीनेही एकदा आडून विचारलं, रोज उशीर होतो का हल्ली. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. हे गावापर्यंत गेलं तर दादा मला घरी बोलावून घेईल हे मी ओळखून होते.

त्याच आठवड्यात एक बाई माझ्या खोलीच्या दारात आली. साठीची असेल. डोक्यावरून पदर, अंगावर फिकट हिरवी साडी. आमच्या गोलकीपरची, त्या बिनसायकलवाल्या मुलाची, ती आई. त्यांचं घराणं मूळचं मुरुडकडचं, दोन पिढ्यांमागे इकडे दुकान टाकून राहिलेलं. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. ती उंबऱ्यावरच बसली आणि मुलाकडून सगळं कळलंय म्हणाली.

"लोकान्ला बोलायला तोंड पुरतं, कारण लागत नाय," ती म्हणाली. "शनिवारपासून मी येऊन बसते तुझ्या बाजूला. मग बघू कोण काय बोलतं."

मी म्हटलं, खाला, तुम्हाला घरची कामं असतील. ती म्हणाली, कामं घेऊनच येईन.

आणि ती आली. पितळेच्या पातेल्यात मोड आलेले वाल घेऊन ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि बिरड्यासाठी एकेक वाल सोलत राहिली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. चेंडू मुलाच्या दिशेने आला की तेवढी ती मान वर करायची. तिसऱ्या-चौथ्या सामन्याला मात्र तिने मला हळूच विचारलं, तो उंच मेकॅनिक नेहमी डावीकडच्याच भिंतीवर का मारतो? मी पाहिलं तर खरंच तसं होतं. तिने घरी जाऊन मुलाला सांगितलं असणार, कारण पुढच्या सामन्यात कुंभिवलीच्या त्या मेकॅनिकचा एकही गोल झाला नाही. बाजारातली बोलणी हळूहळू बंद पडली. खालाच्या शेजारी बसणाऱ्या मुलीबद्दल बोलायचं म्हणजे खालाबद्दल बोलणं, आणि तेवढी हिंमत त्या बाजारात कुणाची नव्हती.

तरी गावी बातमी गेलीच. एका शनिवारी दादा न कळवता आला. मी बाकावर होते, सामना चालू होता, घड्याळावरून नजर हलवता येत नव्हती. दादा छत्री टेकून दारात उभा राहिलेला मला दिसला. हाफ झाल्यावर तो जवळ आला.

"तुला हितं सुया टोचाया धाडली," तो म्हणाला, "का बाप्यांच्या खेळात बसाया, गं?"

खालाने पातेलं मांडीवरून उतरवलं, बाकावर सरकून जागा केली आणि त्याला म्हणाली, बस भावा, लांबून आलास, चहा येतोय. मोठ्या बाईचा शब्द दादाला मोडता आला नाही. तो बसला. चहा आला. दुसरा हाफ सुरू झाला. आमचे आणि भिवपुरीवाले त्या दिवशी बरोबरीत होते आणि शेवटच्या मिनिटात आमच्या एकाने भिंतीवर मारलेला चेंडू परत येताना दुसऱ्याने अलगद आत ढकलला. मी रुळावर हातोडी मारून वळले तेव्हा दादा खालाच्या पातेल्यातले वाल सोलत होता, आणि वाल कुठले, कुठल्या जमिनीतले, असं तिला विचारत होता.

मला घरी चल असं तो म्हणाला नाही. साडेसातच्या एसटीने परत गेला. फेब्रुवारीत शेतातला वाल निघाला तेव्हा त्याने अर्धं पोतं माझ्याबरोबर दिलं आणि एवढंच म्हणाला, "ह्ये त्या म्हातारीला दी." त्यानंतर दर वर्षी दिलं.

पहिली पाच-सहा वर्षं अशी गेली. खेळणारे सगळे आपापल्या कामावरचे लोक होते. पाळी संपवून यायचे, खेळायचे, परत जायचे. मग लीगचं नाव झालं. खोपोलीपासून पनवेलपर्यंतची माणसं सामने बघायला येऊ लागली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे पाहुणे आले की त्यांना गोदामात आणून पहिल्या रांगेत खुर्च्या टाकत. जिंकण्याला किंमत आली. हमरस्त्यावरच्या एका नव्या कारखान्याने संघ उतरवला आणि तो संघ पगारी होता. नोकरी नावाला, खेळण्यासाठी माणसं घेतलेली. पुढच्या वर्षी आमच्या कारखान्यानेही तेच केलं. खेळासाठी भत्ता, रंगीत बनियन, सकाळचा सराव. पॅकिंगवाल्या जुन्या मुलांपैकी दोघांना जागा सोडावी लागली. वेल्फेअर साहेबांना हे पसंत नव्हतं, पण आता लीग त्यांच्या एकट्याची राहिली नव्हती.

खोटं कशाला बोलू, पगारी खेळाडूंच्या त्या तीन वर्षांत खेळ फार सुंदर झाला. मुंबईहून एक पोरगा आणला होता. बावीस वर्षांचा, काटक, डाव्या पायाचा. आम्ही सगळे त्याला फॉरवर्डच म्हणत असू. चेंडू भिंतीवर कुठे आपटला की कुठे येईल हे त्याला न बघता समजायचं. खाला सोलणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायची. तो आई-वडिलांविना वाढलेला होता आणि सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होता. सहा महिने भरले की कायम करू, असं त्याला सांगितलेलं होतं.

पाचव्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी दवाखान्यात एका कामगाराच्या डोळ्यात रसायन उडालं. त्याचा डोळा धुण्यात माझा वेळ गेला आणि मी गोदामात पोचले तेव्हा सामना सुरू व्हायला आला होता. त्या दिवशी मी खांब तपासले नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये फॉरवर्ड भिंतीवरून आलेल्या चेंडूमागे धावला. छत गळून जमीन ओली झाली होती. तो घसरला आणि त्याचा गुडघा थेट खांबावर आपटला. त्या खांबाची गोणी सैल होऊन खाली आली होती. तिथे पेंढा नव्हता, नुसतं लोखंड होतं.

मी त्याच्यापाशी बसले तेव्हा तो ओरडत नव्हता. गुडघ्याकडे बघत होता आणि मला विचारत होता, बाई, हा बरा होईल ना? मी होईल म्हणाले. त्याला आमच्या गाडीतून पनवेलला नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, तो चालेल, पण पुन्हा खेळायचा नाही.

अपघात झाला त्याच संध्याकाळी मी दवाखान्याच्या रजिस्टरात सगळं लिहिलं होतं. वेळ, जागा, जखम. भरतीच्या तपासणीत दोन्ही गुडघे निर्दोष होते हेही. आणि खांबाची गोणी सैल होती, ती सामन्याआधी तपासलेली नव्हती, तपासायचं काम माझं होतं, हेही लिहिलं. हे लिहिताना मला बरं वाटलं नाही. पण ते झालं होतं.

दहाएक दिवसांनी आमच्याच कारखान्याच्या कामगार खात्याचे एक अधिकारी दवाखान्यात आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. मुलगा कच्चा आहे. सप्टेंबरअखेर त्याची मुदत संपते. तो खेळण्यासाठी आला होता, आता खेळू शकत नाही. पण कारखान्यात झालेली दुखापत म्हटली की कटकटी होतात. तेव्हा त्या दिवशीचं पान नव्याने लिहावं, आणि गुडघ्याची दुखापत जुनी होती, ती उलटली, असं घालावं. मग ते म्हणाले, या पानात तुमचीसुद्धा चूक लिहिलेली आहे. पान बदललं तर तुम्हीही सुटाल.

मी उद्या सांगते म्हणाले. माझ्या पगारावर घरचं छप्पर शाकारलं जात होतं, आईची औषधं चालत होती. आणि खरं सांगायचं तर, माझी चूक पुसली जाईल हा मोह मला झाला. तो झाला नव्हता असं मी आजही म्हणणार नाही.

मी दुकानावर गेले. खाला आत चुलीपाशी होती. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. तिने विचारलं, लिहिलंस ते खरं आहे का? मी हो म्हणाले.

"मग झालं तर," ती म्हणाली. "जे पाह्यलंस ते लिवलंस. आता आनी काय लिवणार?"

तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले आणि घरी जाऊन झोपले.

सकाळी मी त्या अधिकाऱ्यांना नाही म्हणून सांगितलं. ते चिडले नाहीत. गोदामात बसायची परवानगी ही कारखान्याची मेहेरबानी आहे, नोकरीचंही तसंच असतं, एवढं बोलून ते निघून गेले.

शनिवारी भिवपुरीशी सामना होता. भिवपुरीचा कॅप्टन वीजघरातला फिटर होता. पन्नाशीला आलेला, फार कमी बोलणारा. दर वर्षी तो ट्रकमधून उतरला की आधी बाकापाशी येऊन आम्हा दोघींची विचारपूस करायचा. त्या दिवशी त्याने फॉरवर्डचं विचारलं. मी काही लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपल्या पोरांकडे गेला. थोड्या वेळाने भिवपुरीचे पाचही जण मधल्या रेषेवर येऊन खाली बसले.

आधी सगळ्यांना वाटलं, काही गंमत चाललीय. पंचांनी विचारलं तेव्हा फिटर बसल्या जागेवरून म्हणाला, "त्या पोराचं काय करणार ते कळू द्या. मंग खेळू."

गोदामात कधी नव्हे तो पाऊस ऐकू येऊ लागला. प्रेक्षकांत कुंभिवलीचे मेकॅनिक होते, त्यांचा सामना मंगळवारी होता. तेही उठून आत आले आणि त्यांच्याशेजारी बसले. मग आमचा गोलकीपर, खालाचा मुलगा, गोल सोडून चालत आला आणि बसला. त्याच्यामागे आमचे बाकीचे चौघे. त्यातले तिघे पगारी होते, त्यांचीही नोकरी कच्चीच होती.

पहिल्या रांगेत मोठे साहेब पाहुण्यांबरोबर बसले होते. त्यांनी वेल्फेअर साहेबांना बोलावून काय प्रकार आहे विचारलं. वेल्फेअर साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सगळ्यांच्या देखत जे होतं ते सांगितलं. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर आणायला सांगितलं. मी पावसातून दवाखान्यात गेले, रजिस्टर पदराखाली धरून आणलं. त्यांनी ते पान उभ्याने वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ फार लागला. मग रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलंत? मी हो म्हणाले. स्वतःची चूकसुद्धा? मी पुन्हा हो म्हणाले. ते रेषेवर बसलेल्यांपाशी गेले आणि सोमवारी ऑर्डर निघेल एवढं म्हणाले. फिटर उठला, त्याने हात जोडले, आणि पंचांना म्हणाला, चला.

सामना आम्ही हरलो. सोमवारी फॉरवर्डला स्टोअरमध्ये कायम केल्याची ऑर्डर निघाली. मलाही एक पत्र मिळालं, निष्काळजीपणाबद्दल ताकीद देणारं. ते माझ्या हक्काचंच होतं. ते अधिकारी वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे त्यांच्या मुलीला गोवर झाला तेव्हा मी दहा दिवस त्यांच्या घरी जात होते. त्यानंतर बोलू लागले.

फॉरवर्ड स्टोअरमध्ये राहिला. थोडा लंगडायचा. आम्ही त्याला शेवटपर्यंत फॉरवर्डच म्हणत होतो, नव्या कामगारांना त्याचं कारणही माहीत नसायचं. खोपोलीच्या एका शिक्षिकेशी त्याने लग्न केलं, त्यांना दोन मुली झाल्या. धाकटीच्या जन्माच्या वेळी मी हजर होते.

त्या वर्षीच्या मोसमानंतर पाचही संघांची वेल्फेअर साहेबांच्या खोलीत बैठक झाली. खेळण्यासाठी म्हणून माणूस घ्यायचा नाही, जो कामावर आहे तोच खेळेल, असं ठरलं. हमरस्त्यावरच्या नव्या कारखान्याला ते पटलं नाही, तो बाहेर पडला. खेळ पुन्हा आमच्या जुन्या ओबडधोबड वळणावर आला. बघायला येणारी माणसंही कमी झाली. मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी खालाचा मुलगा आखातात नोकरीला गेला. त्याला निरोप द्यायला आम्ही सगळे एसटीपर्यंत गेलो होतो. जून उजाडला, पहिला सामना लागला, तेव्हा मी मनाशी धरून चालले होते की आता बाकावर मी एकटी. आता तिचं तिथे कुणी खेळत नव्हतं. आणि मीही आता तिशी ओलांडलेली, रसायनीत सगळ्यांच्या ओळखीची बाई होते. माझ्या नावाने बोलायला कुणाला वेळ नव्हता. पण मी गोदामात शिरले तेव्हा ती येऊन बसलेली होती. तिनेच सांगितलं, की घरात बसून दुकानातला हिशेब ऐकत बसण्यापेक्षा हे बरं. पुढचे चार पावसाळे ती आली. शेवटच्या वर्षी तिला नीट दिसत नव्हतं, तर ती आवाजावरून सांगायची, हा डावीकडचा पत्रा वाजला, हा उजवीकडचा.

ती एका डिसेंबरात गेली. तिच्या घरच्यांनी मला आत, बायकांमध्ये बसवलं, लेकीला बसवतात तसं. दादा गावाहून आला होता. तो बाहेर ओट्यावर पुरुषांत संध्याकाळपर्यंत बसून होता.

त्यानंतरचा पावसाळा लीगचा शेवटचा ठरला. नवी यंत्रं यायची होती आणि त्यांना ते गोदाम हवं होतं. वेल्फेअर साहेब आधीच निवृत्त होऊन गेले होते. कुणी भांडलं नाही. भांडण्यासारखं काही नव्हतंही. कारखान्याची जागा, कारखान्याने इतकी वर्षं वापरू दिली, हेच मोठं.

पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमा झाल्यावर, फिटरने सगळ्या संघांना एका रविवारी भिवपुरीला जेवायला बोलावलं. तोही त्या वर्षी निवृत्त होणार होता. इतकी वर्षं ते आमच्याकडे यायचे, आम्ही त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो. वीजघराच्या वसाहतीतल्या बायकांनी सकाळपासून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या. जेवणाआधी कुणीतरी चेंडू काढला. पाऊस उघडला होता आणि वसाहतीमागे गवताचं सपाट मैदान होतं. कर्जतवाले, कुंभिवलीवाले, आमचे, सगळे मिसळून दोन बाजू झाल्या.

आणि त्यातल्या एकालाही खेळता येईना. इतकी वर्षं त्यांनी चेंडू भिंतीवर मारला होता आणि तो परत आला होता. इथे मारला की तो जायचा तो जायचाच, गवतातून, बांधावरून, थेट ओढ्यापर्यंत. साठीला आलेला फिटर त्याच्यामागे धावत जायचा, घेऊन यायचा, पुन्हा कुणीतरी तसाच मारायचा. फॉरवर्ड माझ्याशेजारी दगडावर बसला होता, त्याची थोरली मुलगी त्याच्या खांद्यावर. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी त्याने मुलीला माझ्याकडे दिलं, उठला आणि लंगडत ओढ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे चेंडू तिकडे गेला तर तो तरी अडवेल.

वेळ कुणीच मोजत नव्हतं. बायकांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा त्या चिडल्या, तेव्हा सगळे ओल्या पायांनी ओळीत येऊन बसले. मी वाढायला उठले.